नक्कल कुठे गेली? आयर्लंडच्या जुन्या पत्रांविषयी आणि दस्तांविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आयर्लंडमधील अभिलेखागारांवर एक छोटे टिपण छापले होते. त्यात डब्लिनच्या दप्तरखान्याला १९२२ साली लागलेल्या आगीचा ओझरता उल्लेख होता आणि तिथे आजही जपलेल्या पत्रांचा, खरेदीखतांचा व न्यायालयीन जबान्यांचा थोडक्यात परिचय करून दिला होता. त्यावर वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांतील सारखे प्रश्न एकत्र करून येथे उत्तरे देत आहोत.

१९२२ च्या आगीत आयर्लंडचे सगळे जुने कागद जळून गेले, असे सर्रास वाचायला मिळते. मग तिथले इतिहासकार सतराव्या-अठराव्या शतकाबद्दल इतक्या ठामपणे कशाच्या आधारावर लिहितात? – इतिहासाची एक विद्यार्थिनी

सगळे कागद जळाले नाहीत; मात्र जे जळाले ते कोणत्याही देशाने हळहळावे इतके होते. १८६७ च्या कायद्याने आयर्लंडचे सार्वजनिक अभिलेख कार्यालय स्थापन झाले आणि डब्लिनमधील फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या आवारात त्याला जागा मिळाली. तिथे दोन वेगळ्या इमारती होत्या. एकीत कचेरी आणि वाचनकक्ष होता, तर दुसरी खुद्द कागदांची सहा मजली कोठी होती. इंग्लंडशी झालेला तह अमान्य असलेल्या सैनिकांनी एप्रिल १९२२ मध्ये हे आवार ताब्यात घेतले आणि दप्तराच्या इमारतीतच दारूगोळा साठवला. २८ जूनला नव्या सरकारच्या फौजेने ब्रिटिशांकडून मिळालेल्या तोफांनी मारा सुरू केला. ३० जूनला प्रचंड स्फोट झाला, आग भडकली आणि कोठी भस्मसात झाली. जळके कपटे शहरभर उडत गेले. दोष कोणाचा, यावर तिथे आजही हिरिरीने वाद होतो. त्यात पडण्याचे या सदराला कारण नाही.

त्या आगीत १८२१ ते १८५१ या काळातील चार जनगणनांचे बहुतेक सर्व तक्ते गेले, चर्च ऑफ आयर्लंड या प्रॉटेस्टंट चर्चच्या जवळपास हजार नोंदवह्या गेल्या, चॅन्सरी न्यायालयाचे दप्तर गेले आणि शतकानुशतकांची मूळ मृत्युपत्रेही गेली. येथे एक गैरसमज दूर करायला हवा. १८६१ आणि १८७१ च्या जनगणनांचे मूळ तक्ते सरकारनेच आकडेवारी काढून झाल्यावर नष्ट केले होते, तर १८८१ आणि १८९१ चे तक्ते पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यासाठी गेले. आगीच्या नावावर हे चारही खपवले जातात, आणि त्यामुळे कारकुनी निर्णयांनी केलेला विध्वंस नजरेआड राहतो.

मग उरले काय? कचेरीची इमारत वाचली. डब्लिन कॅसलमधील राज्य कागदपत्र कार्यालय वेगळे होते, त्यामुळे मुख्य सचिवाच्या कार्यालयात आलेली लाखो पत्रे सुखरूप राहिली. १७०८ पासूनची दस्तनोंदणी वाचली, कारण ती शहराच्या दुसऱ्या भागात होती. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील हस्तलिखिते वाचली. १९०१ आणि १९११ च्या जनगणना अजून फोर कोर्ट्समध्ये पोहोचल्याच नव्हत्या. कॅथलिक चर्चच्या नोंदवह्यांना राज्याने कधी आपले मानलेच नाही, म्हणून त्या वह्या त्या त्या गावच्या पाद्र्याकडेच राहिल्या आणि त्या दिवशी हीच उपेक्षा त्यांच्या पथ्यावर पडली.

याहून महत्त्वाची बाब अशी की कायद्याचा कागद सहसा एकुलता एक नसतो. भाडेपट्ट्याची एक प्रत जमीनदाराकडे असते, दुसरी कुळाकडे, सारांश नोंदणी कार्यालयात आणि मसुदा वकिलाच्या पेटीत. लंडनला पाठवलेल्या अहवालाची नक्कल डब्लिनमध्ये, तर डब्लिनच्या हिशेबाची नक्कल लंडनमध्ये असे. १९२३ च्या कायद्याने बेलफास्टमध्ये उत्तर आयर्लंडचे स्वतंत्र अभिलेख कार्यालय उभे राहिले, तेव्हा त्याचे पहिले प्रमुख डी. ए. चार्ट यांनी नेमका हाच माग धरला. वकिलांच्या कचेऱ्या, जमीनदारांची घरे आणि हौशी वंशावळकारांची टिपणे धुंडाळून त्यांनी संग्रह जमवला. डब्लिनमध्ये हर्बर्ट वुड या अधिकाऱ्याने आगीच्या तीनच वर्षे आधी, १९१९ मध्ये, कोठीतील दप्तरांची सविस्तर मार्गदर्शिका छापली होती; काय गेले हे आज नेमके सांगता येते ते तिच्यामुळे. तिच्याच आधाराने ट्रिनिटी कॉलेजच्या पुढाकाराने आणि अनेक देशांतील संस्थांच्या साहाय्याने नकला शोधून एक आभासी कोठी उभारण्यात आली आणि आगीच्या शताब्दीला, जून २०२२ मध्ये, ती सर्वांसाठी विनामूल्य खुली झाली.

हे काम थोर आहे, यात शंका नाही. तरीही वापरताना एक भान ठेवावे. जुन्या काळी ज्यांनी हौसेने नकला केल्या, त्यांना सरदार घराण्यांत, पदव्यांत आणि मोठ्या इस्टेटींत रस होता. मजुराच्या खटल्याची नक्कल करून ठेवावी असे त्यांतल्या फारच थोड्यांना वाटले. त्यामुळे वाचलेल्या कागदांचा तोल वरच्या वर्गाकडे झुकलेला आहे.

जळालेल्या जनगणनेतील एखाद्या साध्या शेतकरी कुटुंबाची नोंद आज मिळण्याची काही तरी शक्यता आहे का? – एक वाचक

आहे, आणि ती ज्या वाटेने मिळते ती मला या सगळ्या विषयातील सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. १९०८ च्या कायद्याने सत्तर वर्षांवरील गरजूंना आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत निवृत्तिवेतन देण्याचे ठरले आणि जानेवारी १९०९ पासून ते सुरू झाले. अडचण वयाच्या पुराव्याची होती, कारण आयर्लंडमध्ये सर्वांसाठी जन्माची सरकारी नोंदणी १८६४ पासून सुरू झाली, तर अर्जदार जन्मले होते १८३९ च्या आगेमागे. तेव्हा पुरावा म्हणून १८४१ किंवा १८५१ च्या जनगणनेतील नोंद ग्राह्य धरली जाऊ लागली. अर्जदाराने आईवडिलांची नावे, परगणा, गाव आणि वस्ती लिहून द्यायची. मग अभिलेख कार्यालयातील कारकून मूळ तक्ता काढून पाहायचा आणि सापडलेली नोंद त्याच फॉर्मवर उतरवायचा. कधी मुलाचे वय दोन वर्षे असे, कधी बारा. कधी आईचे नाव अर्जातल्या नावाशी जुळत नसे. आणि कित्येक फॉर्मांवर नोंद सापडली नाही एवढाच शेरा आहे.

तेरा वर्षांनी मूळ तक्ते जळाले, पण हे शोधाचे फॉर्म वाचले. एका म्हाताऱ्याच्या पाच शिलिंगांसाठी कारकुनाने उतरवलेल्या दोन ओळी हाच आज त्या कुटुंबाचा १८५१ मधला एकमेव पुरावा असू शकतो. हे फॉर्म आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर पाहता येतात.

मी दिवाणी वकिली केली आहे. जुनी मृत्युपत्रे नष्ट झाली असतील, तर आयर्लंडमध्ये वारसाहक्काचा इतिहास कसा अभ्यासतात? – एक निवृत्त वकील

आपल्या प्रश्नाची सीमारेषा १८५८ ही आहे. त्याआधी मृत्युपत्र प्रमाणित करण्याचा अधिकार चर्चच्या न्यायालयांकडे होता. मालमत्ता एकाच धर्मप्रांतात असेल तर त्या प्रांताचे न्यायालय, आणि दुसऱ्याही प्रांतात पाच पौंडांहून अधिक किमतीचा ऐवज असेल तर आर्माच्या आर्चबिशपचे विशेषाधिकार न्यायालय, अशी विभागणी होती. १८५७ च्या कायद्याने हे काम दिवाणी न्यायालयाकडे आले. जानेवारी १८५८ पासून डब्लिनमध्ये मुख्य नोंदणीखाते आणि जिल्ह्याजिल्ह्यांत त्याच्या शाखा सुरू झाल्या.

आगीत मूळ मृत्युपत्रे दोन्ही काळांतली गेली. पण जिल्हा शाखांना प्रत्येक मृत्युपत्राची वहीत नक्कल ठेवणे बंधनकारक होते आणि त्या वह्या बहुतांशी शाखांतच राहिल्या होत्या. म्हणून १८५८ नंतरच्या, डब्लिनबाहेरच्या मृत्युपत्रांचा मजकूर मोठ्या प्रमाणावर उपलब्ध आहे. त्याआधीच्या काळासाठी सर विल्यम बेथम यांचे ऋण मानावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी विशेषाधिकार न्यायालयातील १८०० पूर्वीच्या मृत्युपत्रांतून वंशावळीची टिपणे काढून ठेवली होती. सर आर्थर व्हिकर्स यांनी १५३६ ते १८१० पर्यंतच्या त्याच मृत्युपत्रांची नामसूची १८९७ मध्ये छापली. हे व्हिकर्स म्हणजे ज्यांच्या ताब्यातून १९०७ मध्ये आयरिश राजरत्ने चोरीस गेली तेच गृहस्थ. रत्ने आजवर सापडलेली नाहीत. सूची मात्र रोज वापरली जाते.

वकील म्हणून आपल्या लक्षात येईल की बेथम यांच्या टिपणांत नातीगोती आहेत, पण अटी नाहीत. कोणाला किती आणि कोणत्या शर्तीवर दिले, विधवेने पुनर्विवाह केल्यास काय, धाकट्या मुलांची रक्कम कोणत्या जमिनीवर बोजा म्हणून चढवली, हे सारे बेथम यांना निरुपयोगी वाटले. त्यासाठी दस्तनोंदणीकडे वळावे लागते, कारण विवाहसमयीचे मालमत्तेचे करार आणि काही मृत्युपत्रेही तिथे नोंदवली जात असत.

डब्लिनच्या दस्तनोंदणी कार्यालयाचा उल्लेख आपल्या टिपणात होता. तिथे मूळ खरेदीखते आहेत का? ही नोंदणी शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी सुरू झाली होती काय? – जमिनीच्या इतिहासात रस असलेले एक वाचक

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. तसे काही नव्हते. १७०७ चा कायदा बनावट दस्तांना आणि चोरट्या हस्तांतरणाला आळा घालण्यासाठी आहे असे त्याच्यातच म्हटले आहे, आणि ते खोटे नाही. पण तो कोणत्या काळात झाला हे पाहिले पाहिजे. १७०४ च्या कायद्याने कॅथलिकांना जमीन विकत घेण्यास किंवा ३१ वर्षांहून अधिक मुदतीच्या पट्ट्याने धरण्यास मनाई केली होती. १७०९ च्या कायद्याने तर असा बेकायदा व्यवहार उघडकीस आणणाऱ्या प्रॉटेस्टंट माणसाला ती जमीनच मिळवण्याचा हक्क दिला. जमिनीचे व्यवहार एका जागी नोंदले गेले, की कोणाच्या हाती काय आहे हे सत्ताधाऱ्यांना कळणार होते. लोकही काही कमी नव्हते. आपल्या कॅथलिक शेजाऱ्याची जमीन वाचावी म्हणून विश्वासातला प्रॉटेस्टंट मित्र स्वतःच आधी न्यायालयात त्याच्याविरुद्ध दावा लावी, जमीन आपल्या नावावर करून घेई आणि ती गुपचूप त्या शेजाऱ्यासाठीच सांभाळी. त्यामुळे अठराव्या शतकातील असा दावा हाती लागला तर फिर्यादी हा प्रतिवादीचा शत्रूच होता असे मानून चालू नये.

आता पहिला प्रश्न. कार्यालयात मूळ खत राहत नसे; ते पक्षकाराकडे परत जाई. राहत असे तो त्या खताचा सारांश, ज्याला तिथे मेमोरियल म्हणतात. खताची तारीख, पक्षकारांची नावे, राहण्याचे ठिकाण आणि व्यवसाय, जमिनीचे वर्णन, साक्षीदार असा त्याचा साचा ठरलेला असे. एका पक्षकाराची सही व मोहोर लागे, आणि मूळ खतावर सही करताना हजर असलेल्या एका साक्षीदाराला शपथेवर तसे सांगावे लागे. मग कारकून तो मजकूर भल्यामोठ्या खंडांत उतरवून काढी. हे खंड इतके जड आहेत की तिथे त्यांना थडगी म्हणण्याचा प्रघात पडला. कार्यालय १८३२ पासून हेन्रिएटा स्ट्रीटलगतच्या किंग्ज इन्सच्या इमारतीत आहे.

या नोंदी वाचताना तीन गोष्टींनी नवखा माणूस चकतो. नावांची सूची फक्त जमीन देणाऱ्याची आहे, घेणाऱ्याची नाही. म्हणून कुळाचा शोध घ्यायचा तर आधी त्याचा जमीनदार कोण हे माहीत हवे. नोंदणी ऐच्छिक होती, त्यामुळे नोंद नाही याचा अर्थ व्यवहार झाला नाही असा होत नाही. आणि किंमत पुष्कळदा मुद्दाम गाळलेली असते, कारण ती जगजाहीर करण्याची पक्षकारांना इच्छा नसे.

तरीही हा संग्रह मोलाचा का, ते एका प्रकारच्या पट्ट्यावरून कळेल. आयर्लंडमध्ये तीन जिवांचा पट्टा फार रूढ होता. त्यात वर्षांची मुदत नसे. तीन नावे घातलेली असत आणि त्या तिघांपैकी शेवटचा जिवंत असेपर्यंत पट्टा चाले. साहजिकच कूळ आपली लहान, धडधाकट मुले त्यात घाली आणि मेमोरियलमध्ये त्यांची वये व क्रम लिहिला जाई. ज्या गावाची एकही जन्मनोंद उरलेली नाही, तिथल्या तीन भावंडांची वये अशी एखाद्या जमिनीच्या कागदात सापडतात. काही धूर्त कुळे राजघराण्यातील राजपुत्रांची नावे घालीत, कारण ते जिवंत आहेत की नाहीत यावर वाद होण्याचा संभव नसे. पट्टा कायम नूतनीकरणाचा असेल तर एक जीव गेला की ठरलेली रक्कम भरून नवे नाव घालता येई. ३१ वर्षांची मर्यादा असलेल्या कॅथलिकांना मात्र १७७८ चा सवलतीचा कायदा येईपर्यंत असा पट्टा घेता येत नव्हता.

दुष्काळाच्या आणि तुरुंगाच्या काळातील गरिबांची पत्रे जपलेली आहेत असे आपण लिहिले होते. पण ते लोक निरक्षर होते, आणि कित्येकांना इंग्रजीही येत नव्हते. मग ही पत्रे त्यांची कशी म्हणायची? – एक शिक्षिका

प्रश्न रास्त आहे, आणि या सदरात त्यालाच सर्वाधिक जागा द्यावी असे वाटते. राष्ट्रीय अभिलेखागारात १७८८ ते १८३६ या काळातील कैद्यांचे दयेचे अर्ज आहेत आणि त्यानंतरच्या काळासाठी शिक्षा झालेल्यांच्या स्वतंत्र संचिका आहेत. असा एखादा अर्ज हातात घेतला की वर लॉर्ड लेफ्टनंटला, म्हणजे राजाच्या प्रतिनिधीला, उद्देशून लांबलचक मायना दिसतो. मग अर्जदार अत्यंत नम्रपणे निवेदन करतो अशी सुरुवात, मग वृद्ध आई, पोरकी होणारी मुले, पूर्वीचे निष्कलंक वर्तन, आणि शेवटी तो आपणासाठी सदैव प्रार्थना करील असे आश्वासन. खाली वळणदार सह्या पाद्र्याच्या आणि स्थानिक प्रतिष्ठितांच्या. अर्जदाराच्या नावापुढे फक्त फुली. कागद उलटला की दंडाधिकाऱ्याचा अभिप्राय, आणि घडीवर कार्यालयाचा क्रमांक, आवक तारीख आणि निर्णय. कायद्याला त्याच्या मार्गाने जाऊ द्यावे, हा शेरा त्यांत वारंवार आढळतो.

हे अर्ज गावचा शाळामास्तर, पाद्री किंवा वकिलाचा कारकून लिहून देत असे, आणि त्याची भाषा साचेबंद होती. त्यामुळे करुण वाक्यांवर फारसा भर देऊ नये. मुलांची संख्या, कोणाच्या शेतावर काम केले त्याचे नाव, कोणी शिफारस केली आणि कोणी करायचे टाळले, कोणत्या तारखेला हद्दपारीचे जहाज सुटायचे होते, हा तपशील मात्र अर्जदाराच्या तोंडचाच असतो, कारण तो लेखनिकाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

भाषेची अडचण त्याहून गंभीर आहे. १७३७ च्या कायद्याने आयर्लंडच्या न्यायालयांचे कामकाज इंग्रजीतच व्हावे असे बंधन घातले. १८५१ च्या जनगणनेत पंधरा लाखांहून अधिक लोकांनी आपल्याला आयरिश येते असे सांगितले होते, तरी या लोकांचे न्यायालयीन दप्तर जवळपास सगळे इंग्रजीत आहे. साक्षीदार आयरिशमध्ये बोलला आणि दुभाष्याने सांगितलेले कारकुनाने लिहून घेतले, एवढेच आपल्या हाती येते.

याचे सर्वांत विदारक उदाहरण माम्ट्रास्नाच्या खटल्याचे आहे. ऑगस्ट १८८२ मध्ये गॉलवे आणि मेयो यांच्या सीमेवरील या डोंगराळ वस्तीत जॉइस नावाच्या एकाच कुटुंबातील पाच जणांचा खून झाला. दहा जणांना पकडण्यात आले, दोघे माफीचे साक्षीदार झाले आणि नोव्हेंबरमध्ये डब्लिनला खटला चालला. आरोपींपैकी मायल्स जॉइस याला इंग्रजी येत नव्हते. त्याच्या जिवावरचा खटला त्याला न कळणाऱ्या भाषेत पार पडला. तिघांना फाशी ठरली. त्यांतल्या इतर दोघांनी मरणापूर्वी आपला गुन्हा कबूल करून मायल्स निर्दोष आहे असे निवेदन दिले. ते लॉर्ड लेफ्टनंट स्पेन्सरपर्यंत पोहोचले, पण त्याने निर्णय बदलला नाही आणि १५ डिसेंबर १८८२ रोजी गॉलवेच्या तुरुंगात तिघांनाही फाशी देण्यात आली. या प्रकरणाचे कागद टिकून राहिले, कायद्याच्या अभ्यासकांनी त्यांची तपासणी केली, आणि एप्रिल २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष मायकेल डी. हिगिन्स यांनी मायल्स जॉइसला मरणोत्तर माफी दिली. ज्या सरकारने दयेचा विचार नाकारला, त्याच सरकारच्या कारकुनांनी नाकारल्याचे कागद क्रमांक घालून जपून ठेवले होते.

शपथेवर दिलेली जबानी खरी मानावी का? १६४१ च्या उठावातील जबान्यांबद्दल परस्परविरोधी मते वाचली. – एक वाचक

ट्रिनिटी कॉलेजमधील या सुमारे आठ हजार जबान्या ३१ खंडांत बांधलेल्या आहेत. १७४१ मध्ये बिशप जॉन स्टर्न यांनी त्या कॉलेजला दिल्या आणि २०१० पासून त्या संगणकावर वाचता येतात. ऑक्टोबर १६४१ च्या कॅथलिक उठावानंतर डब्लिनकडे पळून आलेल्या, मुख्यतः प्रॉटेस्टंट, लोकांचे म्हणणे नोंदवण्यासाठी आयोग नेमला गेला होता आणि त्याचे काम डीन हेन्री जोन्स यांच्या पुढाकाराने चालले. नुकसानीची नोंद हा त्याचा एक उद्देश होता, त्यामुळे गाई, धान्य, घरसामान आणि येणे कर्ज यांच्या किमती पौंड-शिलिंगांत लिहिलेल्या आहेत. स्त्रियांच्या जबान्याही मोठ्या संख्येने आहेत, आणि सतराव्या शतकातील घरगुती जीवनाचा इतका बारकावा अन्यत्र क्वचितच मिळेल.

माझे मत असे की जे साक्षीदाराने स्वतः गमावले किंवा पाहिले त्याला एक वजन द्यावे, आणि जे त्याने ऐकले म्हणून सांगितले त्याला अगदीच वेगळे. बऱ्याच जबान्यांत हा फरक कारकुनाने स्वतःच लिहून ठेवला आहे. कत्तलींचे भयानक आकडे प्रामुख्याने ऐकीव भागातून आले, आणि लंडनच्या छापखान्यांनी नेमके तेच उचलून पुढची दोनशे वर्षे द्वेष पोसला. काही पानांवर मजकूर रेघांनी खोडलेला आहे. तो पुरावा दडपण्याचा प्रयत्न असल्याचा आरोप पूर्वी होत असे. आता अभ्यासक सांगतात की खोडलेला भाग बहुधा नुकसानीच्या याद्यांचा आहे आणि संक्षिप्त नक्कल करताना तो वगळावा, एवढ्यासाठी त्या रेघा मारल्या होत्या.

विसाव्या शतकातही असाच एक संग्रह झाला. १९१३ ते १९२१ च्या स्वातंत्र्यलढ्यातील सहभागी लोकांची १,७७३ निवेदने १९४७ ते १९५७ दरम्यान सरकारने घेतली आणि ती पोलादी पेट्यांत बंद करून ठेवली. २००३ मध्ये ती खुली झाली. तिथे अडचण सुडाच्या भावनेपेक्षा स्मरणाची आहे, कारण घटना आणि निवेदन यांत तीस वर्षे गेलेली होती.

परदेशी गेलेल्यांची पत्रे आयर्लंडमध्येच का सापडतात? – एक वाचक

पत्र जिथे पोहोचते तिथे राहते, एवढे साधे कारण त्यामागे आहे. अमेरिकेतून आलेले पत्र आयर्लंडमधील घरात जपले गेले. घरून गेलेले उत्तर बोस्टनच्या एखाद्या भाड्याच्या खोलीत हरवले. म्हणून संवादाची एकच बाजू आपल्याला ऐकू येते. शिवाय असे पत्र घरात मोठ्याने वाचले जाई आणि ऐकायला शेजारी जमत, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असे. त्यामुळे अपयश त्यात कमी आणि पाठवलेल्या पैशाचा उल्लेख अधिक असतो. अमेरिकन इतिहासकार केर्बी मिलर यांनी अनेक दशके जमवलेली अशी हजारो पत्रे आता गॉलवे विद्यापीठाने विनामूल्य खुली केली आहेत.

जमीनदाराच्या कचेरीतील कागद याच्या अगदी उलट बाजू दाखवतात. रॉसकॉमन परगण्यातील स्ट्रोक्सटाउनची इस्टेट १९७९ मध्ये एका स्थानिक व्यावसायिकाने विकत घेतली, तेव्हा जुन्या कचेरीत पन्नास हजारांवर कागद निघाले. त्यांत क्लूनाही या वस्तीतील कुळांनी ऑगस्ट १८४६ मध्ये केलेला अर्ज आहे. बटाट्याचे पीक दुसऱ्यांदा हातचे गेले होते. आमची मुले डोळ्यांदेखत उपाशी आहेत, काम द्या, अशी त्यात विनवणी आहे. त्याच कचेरीच्या हिशेबांतून दिसते की १८४७ मध्ये १,४९० कुळांना जहाजाचे भाडे देऊन कॅनडाला पाठवण्यात आले, कारण गरीब-निधीचा कर भरत राहण्यापेक्षा ते स्वस्त पडत होते. त्यांतले पुष्कळ वाटेतच मेले. जमीनदार डेनिस मॅहन याची त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गोळ्या घालून हत्या झाली. आज तिथे दुष्काळाचे राष्ट्रीय संग्रहालय आहे.

जुन्या दस्तांतील तारखा आणि रकमा जुळत नाहीत, असे का? – वंशावळीचा अभ्यास करणारे एक वाचक

१७५२ पूर्वी कायद्याचे वर्ष २५ मार्चला सुरू होत असे, त्यामुळे फेब्रुवारी १७३० असे लिहिलेला दस्त आपल्या गणनेने १७३१ चा असतो. कित्येक दस्तांत तर राजाच्या कारकिर्दीचेच वर्ष दिलेले असते. दुसरा जॉर्ज ११ जून १७२७ ला गादीवर आला, म्हणून त्याचे दहावे वर्ष जून १७३६ ते जून १७३७ असे धरावे. रकमेबाबत, १८२६ पर्यंत आयर्लंडचे चलन वेगळे होते आणि इंग्लंडचा बारा पेन्सांचा एक शिलिंग तिथे तेरा पेन्सांचा होई. आयरिश एकरही मोठा, इंग्रजी एकराच्या सुमारे १.६२ पट. जमिनीचा खंड, म्हणजे भाडे, साधारणपणे मे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला देय असे, आणि नव्या कुळाला पहिला सहामाही हप्ता मागे ठेवण्याची मुभा अनेक ठिकाणी होती. म्हणून खतावणीत प्रत्येकाच्या नावावर थकबाकी दिसली तर सगळे गाव बुडीत होते असा निष्कर्ष काढू नये.

हे कागद घरबसल्या पाहायचे असल्यास सुरुवात कुठून करावी? – अनेक वाचक

नाव आणि गाव दोन्ही माहीत असतील तर राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावरील १९०१ आणि १९११ च्या जनगणनांपासून सुरुवात करावी. त्या विनामूल्य आहेत. तिथून मागे जाताना १८२३ ते १८३७ च्या चर्चकराच्या वह्या आणि राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ मध्ये खुल्या केलेल्या कॅथलिक नोंदवह्या पाहाव्यात. अल्स्टरमधील मृत्युपत्रांसाठी बेलफास्टच्या कार्यालयाचे संकेतस्थळ चांगले आहे. दस्तनोंदणीच्या खंडांच्या सूक्ष्मपटांच्या प्रतिमाही इंटरनेटवर उपलब्ध आहेत, पण तिथे खंड, पान आणि दस्त असे तीन आकडे हाताशी असल्याशिवाय तासन्‌तास वाया जातात. म्हणून आधी देणाऱ्याच्या नावाची सूची उघडावी, ते तिन्ही आकडे टिपून घ्यावेत आणि मगच खंडाकडे वळावे. सूचीत एकाच नावाची दहा-बारा माणसे निघाली, तर साक्षीदारांची नावे ताडून पाहावीत. शेजारी आणि व्याही एकमेकांच्या दस्तांवर वारंवार सह्या करीत असत.